ओल्या फडक्याला बंदी

आमच्या शाळेतल्या एका खोलीत ओला फडका न्यायला सक्त मनाई होती. पाण्याची बाटली बाहेर ठेवायची, पावसाळ्यात छत्री बाहेर ठेवायची, हात धुऊन आला असाल तर ते फ्रॉकला पुसून दाखवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. हा नियम कुठे लिहून लावलेला नव्हता. तशी गरजही नव्हती, कारण नियम करणाऱ्या सिस्टर खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या.

खोलीच्या दारावर 'अर्काइव्हज' अशी पाटी आहे. आम्ही मुली तिला जुनी खोली म्हणायचो आणि गावात अजून तेच नाव चालतं. मी या शाळेत शिकले, याच शाळेत निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं आणि राहते तीही शाळेच्या मागच्याच वाडीत, कारण सासर तिथलं. पुण्याहून लेक फोनवर चिडवते, "आई, तू आयुष्यात शाळेचं कुंपण ओलांडलंस तरी कधी?" मी म्हणते, "ओलांडलं ना, लग्नात."

जुन्या खोलीत पहिला मान घंटेचा. हातभर उंचीची, जाड, काळी-हिरवी, एका कडेला चीर गेलेली. शाळा चर्चच्या पडवीत भरायची तेव्हाची ती. ती आली कुठून याबद्दल मात्र एकमत नव्हतं. इतिहासाच्या बाई सांगायच्या, पोर्तुगीजांच्या काळातली. सिस्टर सांगायच्या, फुटलेल्या गलबतावरची. परीक्षेत पेपर कोण तपासणार आहे ते आधी विचारून आम्ही उत्तर लिहायचो.

घंटेशेजारी वेदीवर मेणबत्त्या लावायचे उंच पितळी स्टँड. मग चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेवेळी वाटतात त्या पातळ, गोल पापड्या भाजायचा लांब दांड्यांचा लोखंडी साचा, ज्याला माझ्या मोठ्या जाऊबाई पहिल्या दिवसापासून सँडविचचा टोस्टर म्हणत आल्या आहेत. एक हात तुटलेला लाकडी संत. पृथ्वीचा एक गोल, त्याच्यावर आता अस्तित्वात नसलेले देश अजून सुखाने नांदतात. आणि काचेच्या पेटीत एक छडी. त्या सगळ्या ऐतिहासिक वस्तूंपैकी माझी जवळून ओळख असलेली ती एकच.

कोपऱ्यात एक तोफेचा गोळा आहे, तो आमचा. म्हणजे आमच्या वाडीतला. पोफळीची रोपं लावायला खड्डे खणताना तो सासऱ्यांना सापडला. आमच्या किनाऱ्याला यात नवल काही नाही, इथे खणलं की पाणी लागायच्या आधी गोळा लागतो. आमच्या घरात तो बरीच वर्षं नोकरीत होता. खारातल्या कैऱ्या वर येऊ नयेत म्हणून बरणीच्या लाकडी झाकणावर त्याला बसवलेलं असायचं. एकदा सिस्टर घरी आल्या, त्यांनी गोळ्याची तारीफ केली आणि सासऱ्यांनी भरात येऊन तो शाळेला देऊन टाकला. जाऊबाईंना कोणी विचारलं नाही. तेव्हापासून आमच्या कैऱ्या खारात तरंगतात असं त्यांचं म्हणणं आहे. शाळेत कशालाही गेल्या तरी त्या जुन्या खोलीत डोकावून गोळा जागेवर आहे ना ते बघून येतात. माहेरवाशिणीची चौकशी करावी तशी.

आता सिस्टरांविषयी सांगायला हवं. त्या मूळच्या केरळातल्या. अगदी तरुणपणी इथे आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये शिकायला पुस्तक दिलं होतं, पण पुस्तक काही उलटून बोलत नाही. उलटून बोलायची ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी रोज टोपली घेऊन येणारी कोळीण. सिस्टरांनी सगळी मराठी तिच्याकडून उचलली. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र झग्यातल्या, चष्मा लावलेल्या, बीजगणित शिकवणाऱ्या सिस्टरांनी तोंड उघडलं की बाहेरगावहून आलेले पालक इकडेतिकडे बघायला लागायचे, आवाज नक्की कुठून आला म्हणून. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाची प्रगती विचारली. सिस्टर म्हणाल्या, "पोरी हुशार हायेत सायेब, पर घोकाया बसत न्हाईत." साहेबांनी मान डोलावली, हसू रुमालात लपवलं आणि शेरा चांगला दिला.

पुढे पुढे तर त्यांची स्वतःची भाषाच मागे पडली. केरळातून भाचीचा फोन येतो. सिस्टर मल्याळममध्ये सुरुवात करतात, दोन वाक्यांवर अडकतात आणि मग कोळणीच्या मराठीत सुसाट सुटतात. फोन ठेवल्यावर म्हणतात, "तिना समजत न्हाय आनि मना आठवत न्हाय. पर बरं वाटलं." शिकवत होत्या तेव्हाही रिकाम्या तासाला त्या जुन्या खोलीच्या दारात असायच्या, शिकवणं संपलं तशी ती खोली हेच त्यांचं काम झालं. ऐंशी कधीचीच ओलांडली, गुडघे गेले, कान थोडे गेले, पण रोज प्रार्थना आटपली की खुर्ची दारात. हातात मऊ कोरडं फडकं. घंटेवरून ते फडकं असं फिरायचं की जणू घंटा झोपली आहे आणि तिला उठवायचं नाही.

लहानपणी मी एकदा डबा धुऊन तशीच ओल्या हाताने त्या घंटेला टेकले होते. छडीशी माझी ओळख झाली ती तेव्हाच. हातावर वळ उठले, आणि मग सिस्टरांनीच त्यांवर खोबरेल तेल चोळलं. "तुजा हात दोन दिसांत बरा व्हईल," त्या म्हणाल्या होत्या, "तिचा व्हयाचा न्हाय." मला तेव्हा काही कळलं नाही. घंटेला काय होणार होतं?

गेल्या वर्षी गणपती उठले आणि एका दुपारी आमच्या अंगणात प्रिन्सिपल सिस्टर आल्या. त्या माझ्या लेकीच्या वयाच्या, मुंबईत वाढलेल्या, चालतात तेव्हाही धावतात. अंगणात सुपारी वाळत घातली होती, तिच्यातून वाट काढत त्या ओट्यावर येऊन बसल्या. सरबत हातात घेतलं आणि प्यायल्या नाहीत. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

"टीचर, दसऱ्यानंतर मुंबईहून एक फादर येणार आहेत. आमच्या सगळ्या शाळांमधल्या जुन्या वस्तूंचा संग्रह ते बघतात. घंटा, स्टँड, चांगलं असेल ते सगळं मुंबईला घेऊन जाणार. ती खोली मग कॉम्प्युटरला. कॉम्प्युटर देणगीत आलेसुद्धा, जिन्याखाली खोक्यात पडलेत."

"आणि सिस्टर?" मी विचारलं.

 त्या ग्लासाकडे बघत म्हणाल्या, "आमच्यात वय झालेल्या सिस्टरांकडे काही काम उरलं नाही, की त्यांना मुंबईच्या विश्रांतिगृहात पाठवतात. तिथे डॉक्टर आहेत, लिफ्ट आहे, सगळं छान आहे. यांच्या नावावर काम आहे ते अर्काइव्हज. आता अर्काइव्हजच नाही म्हटल्यावर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांनाही ते नको होतं, हे दिसत होतं. या कॉन्व्हेंटमध्ये आल्यापासून त्या सिस्टरांच्या देखरेखीखाली शिजलेलं बोंबलाचं कालवण खात होत्या, आणि त्या कालवणाला कोणी सहजासहजी मुकत नाही.

लिफ्टला माझी हरकत नव्हती, डॉक्टरांना तर नाहीच. पण सिस्टर तिथे बोलणार कोणाशी? तिथल्या सिस्टर आपसांत इंग्रजी बोलणार, नाहीतर मल्याळम. यांचं इंग्रजी बीजगणितापुरतं, मल्याळम भाचीच्या फोनपुरतं. ताप आला तर "आंग मोरून आयलंय" म्हणणार, आणि समजेल असं एक माणूस त्या इमारतीत नसेल. उरलेले दिवस गप्प बसून काढायचे. ज्या बाईने मला बेरजेपासून देवापर्यंत सगळं या असल्या मराठीत समजावून सांगितलं, ती गप्प बसलेली मला डोळ्यांपुढे आणवेना. मी ओट्यावर बसल्या बसल्या रडले, आणि प्रिन्सिपल सिस्टरांनी मला माझंच सरबत पाजलं.

सिस्टरांना हे ठाऊक होतं.  फडकं रोजच्यापेक्षा जास्त वेळ फिरत होतं.

संध्याकाळी मी जाऊबाईंना सगळं सांगितलं. आम्ही दोघींनी डोकं चालवलं. आमच्या दोघींचं डोकं चालतं तेव्हा घरातले पुरुष वाडीत निघून जातात, त्यावरून काय ते समजावं. आमचा निष्कर्ष असा निघाला की, फादरांना खोली इतकी आवडली पाहिजे, इतकी आवडली पाहिजे, की त्यांच्या तोंडून निघावं, 'छे छे, ही खोली मोडायची नाही.'

"घंटा अजून काळीच आहे का गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"काळीच असणार, वहिनी. जुनी आहे."

"जुनी म्हणून काळी? माझी पातेली काय कालची आहेत? मुंबईहून पाहुणा येणार आणि त्याच्यापुढे हे असलं पितळ ठेवणार? तो म्हणेल, हिला सांभाळता येत नाही, न्या म्हातारीला."

मला ते पटलं. एवढी शिकलेली, वर्गात संस्कृती वगैरे शिकवलेली बाई मी, पण मला ते लगेच पटलं. आमच्याकडे वस्तूचा मान राखायचा म्हणजे ती घासायची, हे रक्तातच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातलं झाडून सगळं बाहेर निघतं. समया, घंगाळ, कोयते, विळ्या, विहिरीवरच्या पंपाचं झाकण, पुतण्याची मोटरसायकल. घासायचं, पुसायचं, झेंडूचं फूल वाहायचं. ज्या वस्तूने वर्षभर आपलं काम केलं ती त्या दिवशी काळी राहिली तर घरच्या बाईला खाली मान घालावी लागते.

शाळेला सुट्टी होती. खंडेनवमीला सकाळी घरचं आवरून आम्ही निघालो. मी, जाऊबाई आणि शाळेतल्याच आमच्या दोन मैत्रिणी, आता आज्या झालेल्या. बादलीत भिजवलेली चिंच, आमसुलांचा चोथा, चुलीतली राख, मिठाचा पुडा आणि नारळाच्या सोडणांच्या शेंड्या.  फाटकातून आत शिरताना मात्र मला डबा धुतलेल्या हाताची आठवण झाली. मी वाटेत एक छोटं भाषण तयार केलं होतं, परंपरा आणि स्वच्छता या विषयावर.

सिस्टर दारात बसलेल्या होत्या. त्यांनी बादलीकडे पाहिलं.

"काय गो त्यात?"

"चिंच आहे, सिस्टर," माझ्याआधी जाऊबाईच बोलल्या. "आमसुलं, राख, मीठ. उद्या दसरा. फादर यायच्या आत घंटा लख्ख करून देतो. बघूच कसे नेतात तुम्हाला."

माझं भाषण घशातच राहिलं. आता छडी पेटीतून बाहेर येणार, अशी माझी खात्री झाली होती.  सिस्टर मान वळवून घंटेकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग काठी टेकून उठल्या, आपल्या हाताने खुर्ची दारातून बाजूला सरकवली आणि पुन्हा बादलीत डोकावल्या.

"मीठ कमी दिसतंय," त्या म्हणाल्या.

मला भरून आलं. वय झालं की माणूस मऊ होतं, असं मी मनात म्हटलं.

मग काय विचारता. पदर खोचून आम्ही बसलो. घंटा उलटी करून आतून-बाहेरून चिंच थापली, शेंडीने रगडली, राखेने पुसली. इतक्या वर्षांचा तो काळा-हिरवा थर पाण्यासारखा वाहून गेला आणि खालून असं काही सोनं निघालं की आमच्यातली एक म्हणाली, "अगंबाई, ही तर नवीनच आहे!" स्टँड घासले. साचा घासला, जाऊबाईंनी त्यात एकदा पाव भाजून बघायची इच्छाही बोलून दाखवली. तोफगोळा त्यांनी कोणालाच दिला नाही, स्वतः मांडीवर घेऊन घासला. सिस्टर खुर्चीतून सूचना करत होत्या. "आतून ऱ्हायलं गो." "चिरेत घाल, चिरेत. शेंडी दाब." एकीने उत्साहाच्या भरात लाकडी संताकडे हात नेला, तेव्हा मात्र त्या ओरडल्या, "त्याला न्हाय! त्याला थंडी भरल." आम्ही हसून हसून लोळलो.

शेवटी झेंडूची माळ घंटेला घातली. जाऊबाईंचा हात सवयीने हळदीकुंकवाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी सिस्टरांकडे बघितलं.

"लाव," सिस्टर म्हणाल्या. "देवाचीच घंटा हाय."

फादर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले. मांडव्याच्या बोटीने वेळेत उतरले होते, पण काशीदकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांनी आमचा रस्ता असा तुंबवला होता की इथे पोचेपर्यंत जेवायची वेळ झाली. तरुण, हसरे, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी पांढरे सुती हातमोजे काढून चढवले, तेव्हा आम्ही चौघी एकमेकींकडे पाहून खूश झालो. आपली कामगिरी बघायला माणूस हातमोजे घालून आलं होतं.

प्रिन्सिपल सिस्टरांनी त्यांना आधी फोटो पाठवले होते. ते फोनवर काढून फादर आत शिरले. त्यांनी घंटेकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. पुन्हा घंटेकडे. दुपारचं ऊन खिडकीतून नेमकं तिच्यावर पडलं होतं आणि ती अशी झळकत होती की डोळे बारीक करावे लागत होते.

"ही... तीच आहे का?"

"तीच," मी म्हणाले. अभिमान लपत नव्हता.

"कशाने केलंत हे?"

जाऊबाईंनी पाककृती सांगावी तसं सगळं क्रमवार सांगितलं, किती वेळ भिजवायचं तेही.

"मीठसुद्धा?" फादरांचा आवाज बारीक झाला.

"भरपूर!"

फादर मागे सरकले आणि सिस्टरांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. सिस्टर बाजूला काठीवर भार देऊन उभ्या होत्या.

बिचारा भला माणूस. रागावले नाहीत. हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि आम्हाला अगदी सावकाश समजावून सांगितलं. तो काळा थर मळ नव्हता. धातूने वर्षानुवर्षं हवा सोसून स्वतःवर चढवलेली ती साल होती. वस्तूचं वय तीच सांगते आणि खाऱ्या वाऱ्यापासून तिला वाचवतेही तीच. आता घंटा उघडी पडली. त्यात चिंचेची आंबटाई आणि मीठ तिच्या चिरेत, बारीक छिद्रांत मुरलं. कधी, कुठून हिरवे ठिपके फुटतील आणि आतून पोखरतील, सांगता येणार नाही.

 जाऊबाई पदराशी चाळा करायला लागल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे ज्या घंटेमुळे या खोलीला किंमत होती, तीच आम्ही घालवली होती. घंटेची किंमत गेली म्हणजे खोली गेली, खोली गेली म्हणजे काम गेलं. आम्ही चौघींनी मिळून, चिंच लावून, सिस्टरांचं सामान बांधून दिलं होतं.

प्रिन्सिपल सिस्टरांनी कसंबसं विचारलं, "मग फादर, या वस्तू मुंबईला कधी न्यायच्या?"

"मुंबईला?" फादर दचकले. "छे, छे. या स्थितीत मी त्यांना संग्रहात ठेवू शकत नाही. बंद कपाटात, एसीत, काय होईल कोणी सांगावं? आता त्यांना हलवायचंच नाही. इथेच ठेवा. आणि रोज कोणीतरी त्यांच्यावर नजर ठेवायला हवी. रोज, नुसतं आठवड्याने नाही. मऊ कोरड्या फडक्याने पुसायचं, एकेक इंच बघायचा, हिरवा ठिपका दिसला की मला फोन करायचा. पुढच्या वर्षी मी परत येऊन बघतो, मग ठरवू. आणि एक कृपा करा, या खोलीत ओला फडका आणू नका."

आम्ही सगळ्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

"एवढं सगळं करणारं कोणी आहे का तुमच्याकडे?" फादरांनी विचारलं.

प्रिन्सिपल सिस्टर, देव त्यांचं भलं करो, क्षणभरही थांबल्या नाहीत. "आहे, फादर. त्यांचं तेच काम आहे."

फादरांना तेव्हा कुठे आपण कोणाच्या खुर्चीत बसलोय ते कळलं आणि ते गडबडीने उठले. त्यांनी सिस्टरांना हात धरून बसवलं आणि हसत विचारलं, "सिस्टर, हा पराक्रम कोणी केला?"

"माज्या पोरींनी," सिस्टर ताठ मानेने म्हणाल्या. फादरांनी पोरींकडे पाहिलं. त्यांतल्या एकीने गुडघ्याला पट्टा बांधला होता, आणि दुसरीचे कलप लावलेले केस मुळाशी पांढरे झाले होते.

फादर बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेऊन जेवले आणि चारच्या सुमारास परत निघाले. कॉम्प्युटर जिन्याखालून उचलून पाहुण्यांच्या बैठकीत मांडले. पाहुणे आता व्हरांड्यात बसतात, तिथे वाराही चांगला येतो.

पण माझ्या मनातलं जाईना. सिस्टर राहिल्या याचा आनंद होता, तो खोटा नव्हता. तरी त्यांनी आयुष्यभर जपलेली वस्तू आपण नासवली हे आतून टोचत होतं. काही दिवसांनी मी एकटीच जुन्या खोलीत गेले. सिस्टर घंटा पुसत होत्या. सोन्यासारखी चमक एव्हाना मंदावली होती आणि चिरेच्या कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका उठला होता. सिस्टरांचं बोट त्या ठिपक्याभोवती फिरत होतं.

"सिस्टर, आमचं चुकलं," मी म्हणाले. "तुम्ही एवढी वर्षं जपलीत आणि आम्ही एका सकाळीत वाट लावली."

"काली व्हती तीच बरी दिसं," त्या म्हणाल्या.  "लय वर्सं लागली तिना तशी व्हायाला. माज्यावानीच."

"मग तुम्ही आम्हाला अडवलं का नाही? मला तर नुसता ओला हात लावला म्हणून छडी मारली होतीत."

सिस्टरांनी फडकं मांडीवर ठेवलं. चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, आणि शाळेत गणित चुकलं की जशा बघायच्या तशा माझ्याकडे बघत राहिल्या. या पोरीच्या डोक्यात कधी उजेड पडायचा, अशी ती नजर.

"तुमी बादली घेऊन आयलात तवा मी तिना इचारलं," त्या घंटेकडे हनुवटीने खूण करत म्हणाल्या. "ती म्हनली, घासू दे."

मला ती खुर्ची आठवली, त्यांनी स्वतःच्या हाताने सरकवलेली. चिरेत घाल, चिरेत, हे आठवलं. लाकडी संत कसा वाचला तेही आठवलं. आणि मीठ कमी दिसतंय, हे आठवलं तेव्हा मी जिथे होते तिथेच खाली बसले. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, आणि मग तोच हात लगेच काढून घेतला.

"हात सुके हायेत न तुजे?"

"सुके आहेत, सिस्टर."

"मग धर ह्यो फडका, आनि मागची बाजू पूस. फादर पुढल्या दसऱ्याला येनार हाय. जावेला सांग, चिंच जरा जास्त ठेव."

मी घरी येऊन जाऊबाईंना निरोप दिला. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. उन्हाळ्यात नवी चिंच आली तेव्हा त्यांनी सगळ्यात आंबट पाहून वेगळी काढली, मीठ लावून गोळे केले आणि बरणीत भरून फळीवर ठेवली. आमटीत घालायला चिंच संपली तर आम्ही दुकानातून आणतो, त्या बरणीला घरात कोणी हात लावत नाही.